फोर बाय फोर गाडी घसरत नाही?

‘दणकट फोर बाय फोर घ्या, ओल्या रस्त्यावरही घसरणार नाही,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण चिखलातून ती खरंच सहज निघते: इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. पण ती ताकद गाडी ओढायची, थांबवायची नाही. ब्रेक साध्या कारलाही चारही चाकांना असतात. थांबताना पकड टायरची, आणि टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकतो. चिखलासाठीचे मोठ्या खाचांचे टायर तर ओल्या डांबरावर बहुधा कमीच पकडतात. शिवाय उंच गाडीला वळणावर उलटण्याचा धोका जास्त. स्वप्नातली गाडी जरूर घ्या, पण बुकिंगआधी मॅन्युअल उघडून बघा: पार्ट-टाइम (म्हणजे गरजेपुरती चालू करायची) फोर बाय फोर कोरड्या डांबरावर वापरू नका, असं त्यात बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं.