थंडीत गार, उन्हाळ्यात उकळणारी गाडी: काढून टाकलेल्या वॉलची गोष्ट

सेकंड हँड गाडी घेतली तेव्हा ती १४ वर्षांची होती, पेट्रोल, लातूरचीच. डिसेंबरात घेतली आणि बघतो तर सकाळी १५ किलोमीटर चालवली तरी टेम्परेचरचा काटा तळालाच, उठायचं नाव नाही, ॲव्हरेजही ११ च्या वर जाईना. मला वाटलं चांगलंच आहे की, इंजिन थंड राहतंय. मग एप्रिलमध्ये बीडहून परत येताना मांजरसुंब्याच्या घाटात तोच काटा थेट लाल रेघेला जाऊन टेकला, बॉनेटमधून वाफ, मागं लेकरं, बाहेर ४२ अंश ऊन. एकच गाडी हिवाळ्यात तापत नाही आणि उन्हाळ्यात उकळते, असं कामून? त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यातून जाईना.

आधी इंजिनात उष्णता किती तयार होते ते बघा. जळालेल्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी चाकापर्यंत जेमतेम वीस ते तीस टक्के पोचते, बाकी बहुतेक सगळी उष्णता होऊन काही सायलेन्सरमधून जाते आणि काही इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. सिलिंडरमध्ये पेटलेला गॅस क्षणभर २००० अंशांच्या वर जातो आणि हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या जाड झाकणाचं, ॲल्युमिनियम तर ६६० ला वितळतं, म्हणजे ते फिरणारं चार-पाच लिटर पाणीच इंजिनाला जिवंत ठेवतं.

पण ते पाणी फार गार राहूनही चालत नाही, म्हणून मधे थर्मोस्टॅट असतो, आपल्याकडं त्याला नुसतं वॉल म्हणतात. आत मेणाची बंद डबी असते, इंजिन गार असेपर्यंत वॉल बंद, पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळतं, वितळताना दहा-पंधरा टक्के फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरचा, म्हणजे पाणी हवेनं गार करणाऱ्या पुढच्या जाळीचा, रस्ता उघडतो. ना वायर ना सेन्सर, फक्त मेण. मला हे फार आवडतं, नवा वॉल आणला तेव्हा गॅसवर पातेल्यात पाण्यात टाकून बघितला, ८० पर्यंत काहीच नाही, मग हळूहळू तोंड उघडत गेलं आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडलं. जुना वॉल अडकलाय की नाही तेही असंच कळतं.

माझ्या गाडीत हा वॉल नव्हताच. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी काढून टाकला होता. "भाऊ, आपल्या इकडच्या उन्हात वॉल लागतच नाही, काढला की गाडी गार," हे मी तीन मिस्त्र्यांकडून ऐकलंय आणि ते मनापासून सांगतात, कारण बंद अवस्थेत अडकलेला वॉल काढला की गाडी खरंच लगेच गार होते. नुकसान नंतर दिसतं. पाणी कायम थंड, गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, ऑइल पुरेसं तापत नाही म्हणून त्यातली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही. माझ्या टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या आत पिवळट लोण्यासारखा थर निघाला. हिवाळ्यातलं कोडं इथं सुटलं.

उन्हाळ्याचं राहिलं. यात एक खूण कामाची, गाडी सिग्नलला किंवा गर्दीत उभी असताना तापत असेल तर आधी फॅन बघा, फॅनचा फ्यूज, रिले, मोटर, कारण पळताना हवा आपोआप मिळते आणि उभं असताना फक्त फॅनकडून. उलट गर्दीत ठीक पण हायवेला, घाटात तापत असेल तर पाणीच नीट फिरत नाही, नाहीतर रेडिएटरला उष्णता टाकता येत नाही. माझी दुसऱ्या प्रकारची. रेडिएटरवाल्यानं वरची टाकी उघडली तर चपट्या नळ्यांची तोंडं पांढरी झालेली, काडेपेटीतली काडी निम्म्या नळ्यांत जाईना. तो पांढरा खडा हातात घेऊन त्यावर लिंबू पिळलं, फसफसला.

म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या बोअरच्या पाण्यातलं. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खाली क्षार बसतो, बंबात आणि गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. हा थर ॲल्युमिनियमच्या तुलनेत शंभरपट वाईट उष्णतावाहक आहे. आणि लातूर म्हणजे तेच गाव, जिथं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथं रेडिएटरमध्ये जे मिळेल ते पाणी ओतलं गेलं याचा दोष मी कुणाला देत नाही. पण बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, एवढा खर्च हेडच्या कामापुढं काहीच नाही.

रेडिएटरची कॅपही बदलली. आपल्या उंचीवर उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, कॅपनं ०.९ बार दाब धरला तर तेच ११८ च्या आसपास, कॅपचं रबर कडक झालं की हे वीस अंश गेले. म्हणूनच तापलेल्या गाडीची कॅप कधीही उघडू नका, दाब सुटला की आतलं पाणी एका क्षणात उसळतं आणि उकळतं पाणी, वाफ तोंडावर येते. तासभर थांबा. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी तर अजिबात ओतू नका.

भीती होती ती हेड गॅसकेटची, म्हणजे हेड आणि खालचा इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या सीलची. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असलं की जास्त तापल्यावर हेड वाकतं आणि मधलं गॅसकेट जातं, मग हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला. तपासायला सोपं आहे, सकाळी पूर्ण गार गाडीची कॅप काढून स्टार्ट करायची, पाण्यात बुडबुडे थांबायचं नाव घेत नसतील तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय, ऑइलची डिपस्टिक दुधाच्या चहासारखी असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. मी अर्धा तास वाकून बघत बसलो, सुरुवातीला अडकलेल्या हवेचे पाच-सहा बुडबुडे आले, मग पाणी शांत. घाटात वाफ दिसताच गाडी बंद केली म्हणून वाचलो.

नवा वॉल, साफ केलेला रेडिएटर, नवी कॅप, ऑइल लागोपाठ दोनदा बदललं. मे महिन्यात तोच घाट भर दुपारी एसी लावून दुसऱ्या गिअरवर चढलो, मुलगी पुढं बसून पूर्ण वेळ काट्याकडं बघत होती, "बाबा, मधेच आहे," एवढंच सांगत.