बिनटाक्याचे हृदयोपचार आणि ओपन हार्ट शस्त्रक्रिया

हृदयावर इलाज करायला दोन वाटा आहेत. ओपन हार्टमध्ये छातीचे मधले हाड उभे कापून हृदयापर्यंत पोहोचतात. १९५३ साली जॉन गिबन यांनी अमेरिकेत हार्ट-लंग मशीनवर (हृदय आणि फुप्फुसांचे काम बाहेरून करणारे यंत्र) पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, आणि थांबवलेल्या हृदयावर काम करणे शक्य झाले. दुसऱ्या वाटेत मनगटातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी आत सरकवतात. अँजिओप्लास्टी, म्हणजे तुंबलेली हृदयवाहिनी नळीवरच्या फुग्याने रुंद करणे, त्यातलीच; ती आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिचला प्रथम केली. २००२ पासून महाधमनीची झडपही नळीतून बसवता येते. बरगड्यांमधल्या छोट्या छेदातून होणारी शस्त्रक्रिया या दोन्हींच्या मधली.

‘बिनटाक्याचं होणार नाही का?’ हा कोकणातल्या घरांतला पहिला प्रश्न असतो. भीती खरी आहे, पण भोक लहान म्हणून आजार लहान होत नाही. हृदयाला रक्त देणाऱ्या तिन्ही वाहिन्या तुंबलेल्या आणि जोडीला मधुमेह, अशा रुग्णाला बहुधा बायपासच (ओपन हार्ट करून तुंबलेल्या जागेला वळसा देणारी वाहिनी जोडणे) जास्त वर्षे साथ देते.

झटका आल्यावर मात्र प्रश्न वेळेचा. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, आणि पावसात दरडींचा भरवसा नाही. दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर योग्य रुग्णाला जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात आणि मग पुढे हलवतात. छातीत कळ येत असताना ‘थेट कोल्हापूर गाठू’ म्हणून गाडी काढणे जिवावर बेतते. वाटेतल्या प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.

बरे होण्यातला फरक घरी कळतो. आधी ठरवून, मनगटातून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर माणूस बहुधा एक-दोन दिवसांत घरी येतो. बायपासनंतर हाड सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर विहिरीची भरलेली कळशी ओढायची नाही, झेला घेऊन आंब्यावर चढायचे नाही, होडी ढकलायची नाही. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. उलट, स्टेंटवाल्याला (अँजिओप्लास्टीत वाहिनी उघडी ठेवायला जाळीची नळी बसवलेल्याला) लवकर हुशारी वाटते आणि तिथेच घात होतो: गोळ्या सुटतात. रक्त गोठू न देणाऱ्या या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत एकही दिवस चुकवायच्या नाहीत, नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी होते. मासेमारीला चार दिवस समुद्रात जाणाऱ्याने त्या डब्यासोबत बांधून घ्याव्यात.