गाठीतून हरवलेलं प्रथिन आणि घराण्याचा प्रश्न

१८९५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर इथे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने पॅथॉलॉजिस्ट ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं, की आमच्या घरातली माणसं कर्करोगानेच जातात, मीही तशीच जाणार. पुढे ती गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली. वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये तिच्या घराण्याची माहिती प्रसिद्ध केली, पण ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. १९६०च्या दशकात अमेरिकन डॉक्टर हेन्री लिंच यांनी अशीच घराणी शोधून हा विषय लावून धरला. घराण्यात चालत येणाऱ्या या कर्करोगाच्या प्रवृत्तीला लिंच सिंड्रोम हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

कारण हाती लागलं १९९३-९४ मध्ये. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची जनुकं सापडली आणि गाठीचा तुकडा रंगवून ही प्रथिनं शिल्लक आहेत का, हे पाहता येऊ लागलं. ती जोडीने राहतात: एमएलएच१ बरोबर पीएमएस२, एमएसएच२ बरोबर एमएसएच६. एमएसएच२ गेलं की एमएसएच६ही टिकत नाही; उलट मात्र सहसा होत नाही. म्हणून एकटं एमएसएच६ दिसत नसेल, तर संशय आधी त्याच्याच जनुकावर जातो. अर्थात, प्रथिन असलं की केंद्रक तपकिरी होतं, म्हणून शेजारच्या निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी झालेली हवीत. तीही कोरी असतील तर रंगच चढलेला नाही, त्यावरून निष्कर्ष काढूच नये.

१९९८च्या सुमारास चित्र गुंतागुंतीचं झालं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एमएलएच१ नाहीसं होण्याचं नेहमीचं कारण आनुवंशिक नसतं. गाठीतच मिथिलेशनमुळे, म्हणजे डीएनएवर रासायनिक खुणा बसल्यामुळे, ते जनुक बंद पडलेलं असतं. त्यामुळे आतड्याच्या गाठीत आधी बीआरएएफ या जनुकातला बदल किंवा मिथिलेशन तपासतात; ते सापडलं, तर कारण बहुधा आनुवंशिक नसतं. गर्भाशयाच्या गाठीत बीआरएएफचा उपयोग नाही, तिथे मिथिलेशनच पाहावं लागतं. पुढे असंही दिसलं, की गाठीतच एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडू शकतात, आणि आनुवंशिक दोषासाठी रक्त तपासलं तर त्यात काहीच सापडत नाही. उलट, चारही प्रथिनं दिसत असूनही घराण्यात दोष असू शकतो, कारण काही बिघाडांत प्रथिन तयार होतं पण काम करत नाही. कुटुंबात तरुणपणी झालेले कर्करोग असतील तर ‘नॉर्मल’ रिपोर्टवर थांबणं मला धोक्याचं वाटतं.

२०१७ पासून हाच रिपोर्ट इम्युनोथेरपीसाठीही, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांसाठीही, मागवला जातो. औषध ठरतं, आणि रुग्णाच्या भावंडांना जनुकीय समुपदेशनासाठी पाठवायचं मात्र राहून जाऊ शकतं. दोष आनुवंशिक असेल, तर प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता ५० टक्के असते.