धडधड आधी, भीती नंतर

पाळी जाण्याच्या वयात बाई चिडते, घाबरीघुबरी होते, रात्री दचकून उठते, आणि घरचे म्हणतात, "टेन्शन घेऊ नकोस, मन कशात तरी रमव." हा सल्ला सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतो. बऱ्याचदा गडबड सुरू होते ती मेंदूतल्या तापमान-नियंत्रकात. मन नंतर तिचा अर्थ लावतं.

हा नियंत्रक म्हणजे मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग. त्यात चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्या किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन अशी तीन रसायनं तयार करतात. एरवी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन त्यांच्यावर ब्रेक लावून असतं. इस्ट्रोजेन घटलं की ब्रेक सुटतो. 1990 च्या सुमारास संशोधक नेओमी रान्स यांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंची तपासणी केली, तेव्हा रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये याच पेशी चक्क फुगलेल्या दिसल्या. त्यांचे धागे शेजारच्या तापमान सांभाळणाऱ्या भागापर्यंत जातात आणि न्यूरोकायनिन-बीचा मारा तिथे सतत चालू राहतो.

परिणाम काय होतो? शरीराचं आतलं तापमान थोडं वरखाली झालं तरी शरीर एरवी ते खपवून घेतं. घाम फुटत नाही की कुडकुडायला होत नाही. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत, झळा (अचानक अंगभर येणारी उष्णतेची लाट) न येणाऱ्या स्त्रियांमध्ये हा खपवून घेण्याचा पट्टा साधारण 0.4 अंश सेल्सियस भरला. झळा येणाऱ्यांमध्ये तो जवळजवळ शून्य होता. मग दोन जिने चढणं, गरम पेय किंवा जाड पांघरूण एवढंही पुरतं. मेंदूला वाटतं, शरीर तापलं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा-छाती लाल होते, नाडी मिनिटाला 7 ते 15 ठोक्यांनी वाढते, घाम फुटतो. एक ते पाच मिनिटांत सगळं ओसरतं. पण घामाने तापमान गरजेपेक्षा खाली गेलेलं असतं, म्हणून मागून हुडहुडी भरते.

ताणाचा संबंध इथे दोन्ही बाजूंनी येतो. ताणात वाढणारं नॉरॲड्रेनलिन हे रसायन हा पट्टा आणखी अरुंद करतं. उलट बाजूने, धडधड आणि घाम ही भीतीचीही लक्षणं असल्याने मेंदू त्यांना भीतीच समजतो. त्यात रात्रीच्या झळांनी झोप तुटलेली असते.

म्हणून पहिलं काम वहीचं. दोन आठवडे प्रत्येक झळेची वेळ, आधीच्या अर्ध्या तासात काय खाल्लं-प्यालं, कुठे होतात आणि त्या क्षणी मनात आलेलं नेमकं वाक्य लिहा. "सगळे माझ्याकडेच बघताहेत" हे वाक्य पाच वेळा आलं, तर ते पकडता येतं आणि त्याच्या जागी "तीन-चार मिनिटांत जाईल" हे ठेवता येतं. वर्तन-विचार उपचार म्हणजे मुख्यतः हेच. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत अशा उपचाराने झळांची संख्या फारशी घटली नाही, त्रास मात्र स्पष्टपणे घटला.

श्वसनाचंही तसंच. संथ श्वासाने झळा थांबतात असं छातीठोकपणे सांगितलं जातं, पण मोठ्या चाचण्यांत ते टिकलं नाही. ताण उतरवायला मात्र ते उपयोगी आहे. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं. इथे हमखास एक चूक होते: "खोल" म्हणून भराभर मोठे श्वास घेतले जातात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरणं दुप्पट होतं. श्वास मोठा नको, लांब हवा.

रात्री एका जाड पांघरुणाऐवजी दोन-तीन पातळ घ्या. झळ आली की एकच थर काढायचा. सगळं फेकून पंख्याखाली पडलं, की ओल्या कपड्यांत हुडहुडी भरते आणि झोप पुरती उडते. कोरडा कपडा हाताशी ठेवा. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा. पडून तळमळत राहिलं की अंथरूण म्हणजे जागरण अशी सांगड मेंदूत पक्की होते.

"हार्मोन संतुलन" करणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका. पंचेचाळिशीनंतर एकट्यादुकट्या हार्मोन चाचणीवरही नको, कारण या काळात पातळ्या दिवसागणिक हेलकावतात.

त्रास जास्त असेल तर औषधं आहेत. हार्मोन उपचाराबद्दलची (म्हणजे घटलेलं इस्ट्रोजेन बाहेरून देण्याबद्दलची) भीती बरीचशी 2002 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून आली, पण त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा फायदा जास्त असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन हे दुसरं हार्मोन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका वाढतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा पक्षाघात झालेला असेल तर सहसा हा मार्ग बंद. अशा स्त्रियांसाठी बिगर-हार्मोन औषधं आहेत. 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फेझोलिनेटंट न्यूरोकायनिन-बी ज्याला चिकटतं तो ग्राहीच अडवतं, म्हणजे थेट त्या फुगलेल्या पेशींचा संदेशच रोखतं. यकृतावरच्या परिणामांसाठी रक्ततपासण्या मात्र कराव्या लागतात.

धडधड विश्रांतीतही थांबत नसेल, सोबत छातीत दुखत असेल, किंवा पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर ते रजोनिवृत्तीच्या खाती टाकू नका. छातीत दुखत असेल तर तत्काळ रुग्णालय गाठा. रक्त दिसलं तर डॉक्टरांकडून लवकर तपासून घ्या.