वाक कमरेत दिसतो, बिजागरी गुडघ्यात असते

रविवारी सकाळी घोडेस्वारीच्या वर्गाबाहेर कठड्याला टेकून उभं राहिलं, की दर दोन मिनिटांनी एकच आरोळी ऐकू येते : "खांदे मागे! पुढे वाकू नका!" शिकणारा खांदे मागे घेतो, छाती काढतो. घोडा दुडक्या चालीत शिरतो आणि चौथ्या-पाचव्या हिसक्याला स्वार पुन्हा आयाळीवर ओणवा. मी स्वतः वर्षभर असाच ओणवा होत होतो. बिचाऱ्या खांद्यांना उगाच बोलणी बसायची.

आधी थोडा हिशोब करू. ६० किलो वजनाच्या माणसाचं डोकं, हात आणि धड मिळून साधारण ४० किलो भरतं. या वरच्या भागाचा गुरुत्वमध्य खुब्याच्या वर अंदाजे ३० सेंटिमीटरवर असतो असं धरू. २० अंश वाकलात, की तो १० सेंटिमीटर पुढे जातो. शाळेतली तरफ आठवा : ४० किलो गुणिले १० सेंटिमीटर, म्हणजे एक मीटर लांब काठीच्या टोकाला ४ किलोंची पिशवी टांगल्यासारखं झालं. घोडा उभा असेल तर पाठीचे स्नायू हे निभावतात. पण दुडकीत तो तिरक्या जोडीनं पाय टाकतो, डावा पुढचा नि उजवा मागचा एकदम, मग दुसरी जोडी. सेकंदाला अडीच-तीन हिसके बसतात आणि प्रत्येक हिसक्याच्या तळाशी भार क्षणभर जवळपास दुप्पट होतो. म्हणजे ती पिशवी आठ किलोंची झाली, आणि वर कुणीतरी ती सतत हलवतंय.

बरं, मुळात माणूस का वाकतो? भीतीनं. तोल जातोय असं वाटलं, की आपण मांड्या आणि गुडघे आवळतो. इथेच सगळी गंमत आहे. गुडघा खोगिराला घट्ट चिकटला, की त्याची बिजागरी होते. खालचा पाय तिच्याभोवती मागे झुलतो, टाच वर उचलली जाते, रिकीबही, म्हणजे पाऊल अडकवायची कडी, पायाबरोबर मागे जाते. रिकिबीतलं पाऊल हा स्वाराचा पाया. पाया मागे सरकला, धड पुढे गेलं. आता धडाच्या गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडला तर तो पावलावर पडतच नाही, बोटांच्याही बराच पुढे पडतो. एक प्रयोग मनातल्या मनात करा. घोडा अचानक नाहीसा झाला, तर तुम्ही दोन्ही पायांवर उभे राहाल की नाकावर आपटाल? गुडघे आवळणारा नाकावरच आपटतो. तसं होऊ नये म्हणून तो लगामाला लोंबकळतो, नाहीतर मानेवर हात टेकतो. उभ्या घोड्याचे पुढचे पाय मुळातच त्याचं सुमारे ६० टक्के वजन पेलत असतात, त्यात ही भर. मागे गेलेल्या टाचा कुशीला घासतात, बरेच घोडे याला 'चल, पळ' समजतात. वेग वाढला की भीती वाढते, आणि गुडघे आणखी आवळले जातात.

यावर कुणी हटकून विचारतं : महालक्ष्मीला जॉकी तर दुमडूनच बसतात की! बसत नाहीत, उभे असतात. आखूड रिकिबींवर पाय स्प्रिंगसारखे वापरून. घोडा खाली वरखाली होतो, जॉकीचं धड जवळपास एका रेषेत पुढे जातं. २००९ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. १९०० च्या आसपास ही बैठक रूढ झाली, तेव्हा शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या होत्या. त्यासाठी मांड्यांची जी आग होते ती जॉकीच जाणोत. नवशिक्यानं नक्कल करू नये.

पाठ सरळ करायचे पट्टे ऑनलाइन मिळतात, एकानं वर्गात तो बांधूनही आणला होता. पट्टा खांदे ओढतो; गुडघ्याला त्याची गंधवार्ता नसते.

मला कामी आलेला उपाय सांगतो. घोडा थांबलेला असताना, आयाळीत फक्त दोन बोटं अडकवून रिकिबीत उभं राहायचं. गुडघा सैल ठेवायचा, वजन मांडीवरून घरंगळत घोट्यात उतरू द्यायचं. टाच दाबायची नाही, दाबली की पाय पुढे जातो आणि आपण मागे धपकन बसतो. दहा आकडे हात सोडून उभं राहता आलं, की तेच चालत्या घोड्यावर. मग दुडकीत : दोन हिसके उभं, एक हिसका बसायचं. पाऊल धडाखाली नसेल तर दुसऱ्या हिसक्यालाच पितळ उघडं पडतं. माझं पहिले तीन आठवडे रोज पडत होतं.

आणि एवढं करूनही मी पुढे घसरायचो, तेव्हा खोगीर तपासलं. घोडा सपाट जमिनीवर उभा करून बैठकीत पेन्सिल आडवी ठेवली. ती मध्यावर थांबायला हवी होती, पण पार पुढे, उंचवट्याशी जाऊन टेकली. मागची भरती जास्त, पुढची बसकी. पुढच्या रविवारी दुसरं खोगीर मागून घेतलं. पेन्सिल खिशात होतीच.