नागिणीच्या विषाणूचे समुद्रातले भाऊबंद

शेजारच्या काकूंना नागीण झाली तेव्हा औषधाच्या आधी गेरू आला आणि गेरूच्या पाठोपाठ सल्ले. ‘डोकं आणि शेपूट जुळू देऊ नका’ हा त्यातला सर्वांत जुना. वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, असं शिकलेल्या घरांतही अजून खालच्या आवाजात सांगतात. हे साफ चुकीचं आहे. हे पुरळ एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, बहुधा अंगाच्या एकाच बाजूला उठतं. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू त्या मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडलेला असतो. प्रतिकारशक्ती खालावली की तो तंतूच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू झाल्या तर सर्वांत चांगला गुण येतो. गेरू लावत बसलं की नेमके तेच तास हातचे जातात.

या विषाणूचे भाऊबंद मात्र समुद्रात आहेत, आणि मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल.

समुद्राच्या वरच्या थरातल्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण 1 कोटी विषाणू असतात. हा आकडा घाबरवण्यासाठी वापरला जातो, पण त्यातले बहुतेक विषाणू माणसाच्या वाटेला जात नाहीत. ते जिवाणूंवर जगतात. त्यांना बॅक्टेरियोफाज किंवा नुसतं फाज म्हणतात. पी-एसएसपी7 हा असाच एक फाज. त्याचं भक्ष्य म्हणजे प्रोक्लोरोकॉकस, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सजीवांमध्ये पृथ्वीवर संख्येनं सर्वांत मोठा जिवाणू. अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ सॅली चिझम आणि सहकाऱ्यांनी तो 1980च्या दशकात शोधला. आपल्या अरबी समुद्रातही, किनाऱ्यापासून दूर, तो आहे. त्याची रुंदी एका मायक्रोमीटरपेक्षाही कमी.

2010 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पी-एसएसपी7 गोठवून, शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना उलगडली. त्याचं कवच एकाच प्रथिनाच्या 415 प्रतींचं बनलेलं आहे. हा आकडा आला कुठून? मधमाशीचं पोळं आठवा. नुसते षटकोन जोडत गेलात तर सपाट पत्राच तयार होतो, चेंडू होत नाही. पत्रा वळून बंद व्हायला मध्ये पंचकोन घालावे लागतात, तेही बरोबर 12. फुटबॉल बनवणारे हेच करतात. या फाजाच्या कवचात षटकोन 60. प्रत्येक षटकोनाला 6 प्रथिनं आणि प्रत्येक पंचकोनाला 5, म्हणजे 360 अधिक 60, एकूण 420. त्यातला एक पंचकोन काढून तिथे दरवाजा बसवलेला असतो, म्हणून 415. दरवाजा मात्र दुसऱ्याच प्रथिनाच्या 12 प्रतींचा. पाच बाजूंच्या भोकात बारा पाकळ्यांचं कडं बसवायचं! कुठलाही सुतार नाही म्हणेल.

आता खरी गंमत. एकच प्रथिन पंचकोनातही बसतं आणि षटकोनातही, आणि षटकोनातल्या सहा जागाही तंतोतंत सारख्या नसतात. म्हणजे त्याला सात किंचित वेगळ्या आसनांत बसावं लागतं. हे जमतं ते त्याच्या घडीमुळे. अमिनो आम्लांची साखळी दुमडून मधोमध एक घट्ट गाभा होतो. त्यातला एक भाग, ए-क्षेत्र, षटकोनाच्या मध्याकडे आणि दुसरा, पी-क्षेत्र, कडेकडे. गाभ्यातून दोन लवचीक अवयव बाहेर येतात: एन-बाहू आणि ई-फास. ई-फास शेजाऱ्याच्या पी-क्षेत्रावर जाऊन टेकतो, शेजाऱ्याचा त्याच्या शेजाऱ्यावर. गाभा जवळपास तसाच राहतो, बाहू आणि फास जागेनुसार वळतात. एचके97 नावाच्या फाजात तर शेजारी रासायनिक बंधांनी एकमेकांत ओवले जातात आणि साखळीचं चिलखत तयार होतं. 2000 साली त्याची रचना मिळाली, म्हणून या घडीलाच एचके97 घडी म्हणतात. पी-एसएसपी7मध्ये असे बंध नाहीत. तिथे बिलगण्यावरच भागतं.

कवच पहिल्यापासून असं नसतं. आधी आत परांची प्रथिनं उभी राहतात आणि त्यांच्याभोवती लहान, गोलसर, जाड भिंतीचं कवच बांधलं जातं. मग परांची निघते, दारातून एक रेणवीय यंत्र डीएनए आत ओढू लागतं आणि सगळी प्रथिनं एकत्र फिरतात. कवच फुगतं, भिंत पातळ होते, कोपरे टोकदार होतात. पी-एसएसपी7चा डीएनए सुमारे 45 हजार बेस-जोड्यांचा, उलगडला तर 15 मायक्रोमीटर लांब. तो जेमतेम 65 नॅनोमीटरच्या कवचात कोंबला जातो. अशा फाजांच्या आत कित्येक दहा वातावरणांइतका दाब असतो. मोटारीच्या चाकात दोन-अडीच असतो.

हीच घडी कांजिण्या आणि नागिणीच्या विषाणूच्या कवचात आहे. दोन्ही प्रथिनांतली अमिनो आम्लं शेजारी मांडली तर साम्य जवळपास हाती लागत नाही. जात्यावरच्या ओवीसारखं झालंय: शब्द गावोगावी बदलले, चाल राहिली. परांची, दार, दाबून भरलेला डीएनए, हेही दोघांत सारखंच. म्हणून दोघांचा पूर्वज एकच असावा, असं संशोधक मानतात. समुद्रातल्या सगळ्याच फाजांची ही घडी नव्हे. चिलीच्या किनाऱ्याजवळ सापडलेल्या पीएम2ची घडी अगदी वेगळी. तिचं नातं सर्दी-खोकला देणाऱ्या अ‍ॅडेनोविषाणूशी.

पी-एसएसपी7 पाण्यात तरंगत असतो तेव्हा त्याचे सहा शेपूटतंतू मिटलेले असतात. प्रोक्लोरोकॉकसला टेकला की ते आडवे पसरतात, शेपटीतली झडप उघडते आणि दाबलेला डीएनए जिवाणूत उतरू लागतो. काकूंच्या मज्जापेशीत कांजिण्यांचा विषाणू शिरला, तेव्हा त्याचं कवचही केंद्रकाच्या एका छिद्राशी येऊन असंच टेकलं असणार, आणि त्याच जागच्या दारातून डीएनए आत सुटला असणार.