यार्डांचा हिशेब: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये बचाव मोजायची रीत कशी बदलली

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये एखादा बचाव (चेंडू समोरच्या संघाकडे असताना त्याला अडवणारी फळी) ‘देशात पहिला’ म्हणवला जातो तो बहुतेक वेळा एकाच आकड्यावर: प्रतिस्पर्ध्याला चेंडू घेऊन सामन्यामागे किती यार्ड पुढे सरकू दिलं. ही मोजणी 1937 सालची. होमर कुक यांनी सिएटलमध्ये आकडेवारीचं कार्यालय सुरू केलं आणि देशभरातल्या सामन्यांची नोंद एका साच्यात होऊ लागली. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचे अधिकृत आकडे तिथपासूनचे. त्याआधी गुणफलक पाहिला की काम भागायचं. 1901 च्या मिशिगनने 11 सामन्यांत 550 गुण केले आणि एकही दिला नाही, तिथे यार्ड कोण विचारणार?

गुण आणि यार्ड यांचं जमत नाही, हे मात्र दोनच वर्षांत दिसलं. 1939 मध्ये टेनेसीवर नियमित हंगामात एकही गुण झाला नाही. तरी यार्डांच्या यादीत पहिला होता टेक्सस ए अँड एम, सामन्यामागे 76.3 यार्ड देऊन. (टेनेसीला पुढे रोझ बोल या हंगामानंतरच्या सामन्यात यूएससीने 14-0 असं हरवलं.)

सामन्यामागची सरासरी चालते ती सगळे संघ साधारण एकाच वेगाने खेळत असतील तर. 2009 ते 2012 या काळात प्रशिक्षक चिप केली यांच्या ओरेगनने दोन खेळींमधला वेळ (एक खेळी म्हणजे चेंडू सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल) इतका कमी केला, की प्रतिस्पर्ध्याच्या हाती चेंडूही लवकर परत जाई आणि ओरेगनच्याच बचावाला जास्त खेळी झेलाव्या लागत. समजा, एका बचावाने 60 खेळींत 330 यार्ड दिले आणि दुसऱ्याने 85 खेळींत 400. यादीत पहिला वर दिसेल. पण खेळीमागे त्याने 5.5 यार्ड दिले, दुसऱ्याने 4.7.

दुसरी खोट सॅकची. क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूला, पास टाकण्याआधीच पाडलं की तो सॅक. कॉलेजच्या नोंदीत ते गेलेले यार्ड धावेच्या खात्यातून वजा होतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पासच्या. समोरच्या संघाच्या 30 धावा (चेंडू घेऊन पळण्याचे प्रयत्न), 90 यार्ड असं दिसलं की बचाव भक्कम वाटतो. त्यात 5 सॅकचे उणे 40 यार्ड असतील तर खऱ्या धावा 25 आणि यार्ड 130, म्हणजे धावेमागे 5.2. पोकळ बचाव! म्हणून सॅक आधी पासच्या खात्यात हलवायचे, मग भागाकार करायचा.

प्रत्येक यार्डाची किंमत सारखी नसते, हा विचारही जुना आहे. क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट माकोल यांनी 1971 मध्ये मैदानावरच्या जागेनुसार अपेक्षित गुण काढले. पुढे रूढ झालेला ‘सक्सेस रेट’ घरच्या कागदावरही निघतो: (10 यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला प्रत्येक म्हणजे डाउन) पहिल्या डाउनला गरजेचे निम्मे यार्ड, दुसऱ्याला 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर खेळी यशस्वी. निकाल लागून गेल्यावरच्या खेळी त्यातून वगळाव्यात. राखीव खेळाडूंविरुद्ध मिळालेले 80 यार्ड काहीच सांगत नाहीत. दिलेल्या गुणांतून प्रतिस्पर्ध्याच्या बचावाने पास अडवून केलेले टचडाउनही (चेंडू समोरच्या टोकापर्यंत नेऊन मिळवलेले गुण) काढावेत. तेव्हा आपला बचाव मैदानात नव्हताच.

कधीकधी मात्र कुठलीही फूटपट्टी लावा, उत्तर एकच येतं. 2011 च्या अलाबामाने सामन्यामागे 8.2 गुण आणि 183.6 यार्ड दिले, आणि गुण, एकूण यार्ड, धाव, पास या चारही याद्यांत ते पहिले आले. अंतिम सामन्यात एलएसयूला 92 यार्ड मिळाले, निकाल 21-0.

जुन्या हंगामांशी तुलना करताना दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात. हंगामानंतरच्या बोल सामन्यांचे आकडे हंगामाच्या बेरजेत धरायला 2002 मध्ये सुरुवात झाली. आणि 2023 पासून प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांखेरीज पहिला डाउन मिळाल्यावर (म्हणजे 10 यार्ड पूर्ण होऊन नवे चार प्रयत्न मिळाल्यावर) घड्याळ थांबत नाही, त्यामुळे खेळी घटल्या. त्या हंगामापासून सामन्यामागचे यार्ड कमी दिसले, तर श्रेय बचावाला देण्याआधी खेळी मोजाव्यात.